विद्वानाचे चित्र आणि चित्राबाहेरचे हात

विद्वान माणसाचे चित्र काढणे हे चित्रकाराच्या दृष्टीने मोठे अडचणीचे काम आहे. सेनापतीचे चित्र काढावयाचे तर घोडा आहे, तलवार आहे. राजाला मुकुट आहे. सावकाराच्या बोटांत अंगठ्या दाखविता येतात. परंतु विद्वानाचे जे खरे काम, म्हणजे विचार करणे, ते डोळ्यांना दिसत नाही. विचारात गढलेला माणूस आणि जेवणानंतर सुस्तावलेला माणूस यांत बाहेरून पाहणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. तेव्हा चित्रकाराला खुणा शोधाव्या लागतात. पुस्तक, लेखणी, खिडकीतून येणारा उजेड, काळा अंगरखा, कपाळाला टेकलेला हात. या खुणा पाहून आपण मनाशी म्हणतो, हा मोठा विद्वान असला पाहिजे. त्याने लिहिलेली एक ओळही आपण वाचलेली नसते.

गेल्या पाचशे वर्षांत युरोपातील चित्रकारांनी या खुणांची एक भाषाच घडविली. त्या भाषेबद्दल मला आज बोलावयाचे आहे. मी चित्रकलेचा अभ्यासक नव्हे. आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले, आणि त्या कामात एक सवय अंगवळणी पडते. मालकाने ताळेबंद पुढे ठेवला की त्यात काय लिहिले आहे ते वाचून झाल्यावर काय लिहिलेले नाही ते शोधावयाचे. चित्रेही मी त्याच सवयीने पाहतो. ही सवय सर्वांनाच आवडेल असे नाही, पण तिचा उपयोग होतो असा माझा अनुभव आहे.

प्रारंभ इरॅस्मसपासून करू. सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात याच्याएवढा नावाजलेला पंडित दुसरा नव्हता. हा एका धर्मगुरूचा अनौरस मुलगा. घराणे नाही, जमीनजुमला नाही, कोणत्या विद्यापीठाची गादी धरून तो आयुष्यभर बसला असेही नाही. त्याचे सारे वजन त्याच्या छापलेल्या पुस्तकांवर उभे होते. छापखाना निघून तेव्हा जेमतेम साठसत्तर वर्षे झाली होती. छापील पुस्तकामुळे ज्याला कोणी पाहिलेले नाही असा माणूसही हजारो लोकांना ठाऊक होऊ लागला, आणि मग त्याचा चेहरा कसा असेल हे जाणण्याची लोकांना ओढ लागली. इरॅस्मसने ही ओढ नेमकी ओळखली. १५१७ साली क्वेन्टिन मात्सिस या चित्रकाराने इरॅस्मस आणि त्याचा मित्र पीटर गिलिस यांची जोडचित्रे रंगविली. ती दोघा मित्रांनी इंग्लंडमधील टॉमस मोर याला भेट म्हणून धाडली. त्या चित्रात इरॅस्मस लिहीत बसला आहे आणि मागे फळीवर पुस्तके आहेत. या बैठकीला एक पूर्वपरंपरा होती. संत जेरोम अभ्यासिकेत बसून बायबलचे भाषांतर करीत आहे, हा विषय त्यापूर्वीच्या चित्रकारांचा आवडता होता. इरॅस्मसने जेरोमची पत्रे संपादून १५१६ साली प्रसिद्ध केली होती. तेव्हा जेरोमच्या आसनावर इरॅस्मसला बसविणे पाहणाऱ्यांना सहज समजण्यासारखे होते. संताच्या डोक्यामागचे तेजोवलय तेवढे गेले, खोली तीच राहिली.

सहा वर्षांनी, १५२३ साली, हान्स होल्बाइनने त्याचे जे चित्र काढले ते मला या साऱ्यांत अधिक महत्त्वाचे वाटते. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाहावयास मिळते. इरॅस्मसच्या अंगावर जाड लोकरी अंगरखा आहे आणि त्याला केसाळ कातड्याची किनार आहे. डोक्यावर काळी टोपी. तो लिहीत नाही, वाचतही नाही. एका जाड, बंद पुस्तकावर त्याने दोन्ही हात ठेवले आहेत. त्या पुस्तकाच्या कडेवर ग्रीक अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ ‘हर्क्युलीसचे श्रम’ असा होतो.

येथे थोडे थांबले पाहिजे. हर्क्युलीस म्हणजे ग्रीक पुराणातला तो महाबली वीर. सिंह मारणे, राक्षसी सापाशी झुंजणे, तबेल्यातला वर्षानुवर्षांचा शेणाचा ढीग उपसणे अशी बारा कामे त्याने केली. इरॅस्मसने आपल्या म्हणींच्या ग्रंथात याच वाक्प्रचारावर एक लांबलचक टिपण लिहिले आणि जुने ग्रंथ गोळा करून, ताडून, शुद्ध करून छापणाऱ्या माणसाचे श्रमही तसेच असतात, शिवाय त्यांचे कोणी आभार मानीत नाही, अशी तक्रार त्यात मांडली. तीच तक्रार होल्बाइनने चित्रातल्या पुस्तकावर कोरली. विद्वत्ता हेही श्रमच आहेत, असा दावा एका विद्वानाने चित्रातून जगापुढे ठेवला. हा दावा मी खोटा म्हणणार नाही. ज्याने रात्री जागून एखादे पत्रक चार वेळा लिहिले आहे त्याला हे श्रम ठाऊक असतात.

पण आता ताळेबंदाची दुसरी बाजू पाहू. इरॅस्मस त्या काळात बाझेल शहरात राहत असे, आणि त्याचे ग्रंथ तेथील योहान फ्रोबेन याच्या छापखान्यात निघत. होल्बाइन स्वतः फ्रोबेनसाठी पुस्तकांच्या नक्षीदार चौकटी आखून देई. छापखान्यात एकेक खिळा उचलून ओळ जुळविणारा जुळारी असतो, शाई लावणारा असतो, दांडा ओढणारा असतो. ग्रीक खिळे जुळविणे हे तर डोळे फोडण्याचे काम. हर्क्युलीसच्या श्रमांतला हा वाटा कोणत्याही चित्रात नाही. चित्रात पुस्तक बांधून, मिटून तयार आहे, आणि त्यावर टेकलेल्या हातांना शाईचा डाग नाही. होल्बाइनने त्या हातांची वेगळी रेखाटने करून मगच ते रंगविले, इतकी काळजी त्याने घेतली होती. हे चित्र इंग्लंडला, कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम वॉरहॅम याच्याकडे गेले. तो इरॅस्मसचा आश्रयदाता होता. म्हणजे श्रमांची तक्रार पोचली ती जो वर्षासन देतो त्याच्या दिवाणखान्यात. आमच्या भाषेत याला मागणीपत्र म्हणतात.

पुढच्या शतकातील रेम्ब्रांटचे ‘डॉक्टर तुल्पचा शरीरशास्त्राचा धडा’ हे १६३२ सालचे चित्र पुष्कळांनी छापील स्वरूपात पाहिले असेल. त्याविषयी दोनच शब्द बोलतो. आम्स्टरडॅमच्या शस्त्रवैद्यांच्या संघाने ते काढवून घेतले. डॉक्टर तुल्पच्या एका हातात चिमटा असून प्रेताच्या हाताचे स्नायू त्याने उचलून धरले आहेत. त्याचा दुसरा हात ते स्नायू बोटे कशी हलवितात हे दाखवितो आहे. हात कसा चालतो हे हातानेच सांगणारे असे दुसरे चित्र मला माहीत नाही. ज्याचा हात उघडा पडला आहे तो आरिस किंट हा चोर होता. त्याला फाशी देण्यात आली होती. चित्रातल्या या माणसाने आपल्या हिश्शाचे पैसे भरलेले नव्हते एवढेच मी म्हणेन.

आता ज्या चित्रासाठी मी हा विषय निवडला त्याकडे वळतो. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्यूझियममध्ये आहे. मी न्यूयॉर्कला गेलेलो नाही. परंतु त्या संग्रहालयाने आपल्या चित्रांच्या उत्तम प्रती सर्वांना पाहण्यासाठी खुल्या केल्या आहेत, आणि या चित्रापुढे मी पुष्कळ संध्याकाळी बसलो आहे. झाक-लुई दाव्हिद या फ्रेंच चित्रकाराने ते १७८८ साली रंगविले. उंची जवळजवळ दोन मीटर साठ सेंटिमीटर, म्हणजे चित्रातली माणसे साधारण खऱ्या माणसाएवढी. विषय आहे आंत्वान लाव्हाझिए आणि त्याची पत्नी मारी-आन. लाव्हाझिएचे नाव आपल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. जळणे म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी संयोग होणे, पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंचे बनलेले आहे, आणि रासायनिक क्रियेत वस्तुमान कमीजास्त होत नाही, या गोष्टी त्याने तराजूने तोलून सिद्ध केल्या.

चित्रात एक मोठे मेज आहे आणि त्यावर लाल मखमलीचे वस्त्र जमिनीपर्यंत लोंबते आहे. लाव्हाझिए काळ्या पोशाखात बसला आहे. हातात पिसाची लेखणी, पुढे लिहिलेले कागद. मेजावर वायू मोजण्याची आणि कोंडण्याची काचेची व पितळेची उपकरणे आहेत. खाली फरशीवर, त्याच्या लांब पसरलेल्या पायाजवळ, तोटी बसविलेला काचेचा मोठा गोल फुगा पडला आहे. त्याच्या काचेवर उजेड असा पडला आहे की हात लावला तर थंड लागेल. पत्नी शेजारी उभी आहे. पांढरा झगा, कमरेला निळा पट्टा, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. तो मान वळवून तिच्याकडे पाहतो आहे, आणि ती मात्र सरळ आपल्याकडे पाहते आहे. मागे डाव्या बाजूस खुर्चीवर चित्रांची एक चोपडी ठेवली आहे. ती तिची. ती दाव्हिदकडेच चित्रकला शिकली होती.

दोनशे वर्षे हे चित्र म्हणजे नव्या विज्ञानाचे आणि विद्याव्यासंगी दांपत्याचे चित्र म्हणून नावाजले गेले. २०१९ साली त्यावरचे जुने रोगण काढण्याचे काम संग्रहालयात सुरू झाले. तेव्हा वरच्या रंगाखाली काही वेगळेच असल्याच्या खुणा दिसल्या. मग अवरक्त किरणांनी आणि क्ष-किरणांनी चित्राचा इंचइंच तपासण्यात आला आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या रूपात मारी-आनच्या डोक्यावर फिती आणि कागदी फुले लावलेली, त्या वर्षीच्या ताज्या फॅशनची एक अवाढव्य टोपी होती. आज लाल वस्त्राखाली झाकलेले मेज सोनेरी नक्षीचे, श्रीमंती थाटाचे होते. आणि उपकरणे नव्हती. एकही नव्हते. ती सर्व नंतर, दाव्हिदच्याच हाताने, वरून रंगविण्यात आली.

म्हणजे पहिल्या आखणीत हे विद्वानाचे चित्र नव्हतेच. ते एका गबर श्रीमंत करवसुलीदाराचे आणि त्याच्या नटलेल्या पत्नीचे चित्र होते.

लाव्हाझिए करवसुलीदार होता ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात. पण तो त्याच्या आयुष्याचा पाया होता. फ्रान्सच्या राजाने मीठ, तंबाखू आणि जकात यांची वसुली धनिकांच्या एका मंडळीला मक्त्याने दिली होती. मंडळीने राजाला ठराविक रक्कम द्यावयाची आणि लोकांकडून वसूल होईल त्यातून नफा काढावयाचा. आपल्या इकडच्या इजाऱ्यासारखीच ही पद्धत. लाव्हाझिए १७६८ साली, पंचविशीत, या मंडळीत भागीदार झाला. त्याने १७७१ साली ज्या मुलीशी लग्न केले ती याच मंडळीतल्या झाक पोल्झ नावाच्या भागीदाराची मुलगी. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मिठावरचा कर म्हणजे काय हे शिरोड्याच्या सत्याग्रहाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला सांगावयास नको. फ्रान्सच्या पुष्कळ प्रांतांत तर दरवर्षी ठराविक मीठ विकत घेण्याची लोकांवर सक्तीच होती. पॅरिस शहरात चोरून माल आत येतो आणि जकात बुडते म्हणून शहराभोवती भिंत बांधावी ही सूचनाही लाव्हाझिएचीच. ती भिंत १७८० नंतरच्या दशकात खरोखरच बांधली गेली आणि ठिकठिकाणी दिमाखदार जकात नाके उभे राहिले. पॅरिसच्या गरिबाला त्या भिंतीत कोंडल्यासारखे झाले, आणि जुलै १७८९ मध्ये बॅस्टिल पडण्याच्या आधीच जमावाने हे नाके जाळले.

या चित्राबद्दल दाव्हिदला सात हजार लिव्हर मिळाले. वीस सूंचा एक लिव्हर. त्या सुमारास पॅरिसमधल्या साध्या मजुराला दिवसाला वीस ते तीस सू मिळत. तीस सू मिळविणाऱ्या मजुराला एवढी रक्कम कमवावयास साडेचार हजारांहून अधिक दिवस काम करावे लागले असते, तेही पोटाला काही न घालता. १७८९ च्या वसंतात चार पौंडांचा पाव साडेचौदा सूंना झाला होता, हेही येथेच सांगतो.

तेव्हा १७८८ साली, वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे ज्याला कळत होते अशा माणसाने, सोनेरी मेज आणि फुलांची टोपी झाकून त्या जागी काचेची उपकरणे मांडणे यात नवल नाही. संशोधकांनीही हा बदल करवसुलीदाराकडून शास्त्रज्ञाकडे जाणारा म्हणूनच वाचला आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. उपकरणे रंगविली हे खोटे नव्हते. लाव्हाझिए सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळेत खरोखर राबत असे. पण ती उपकरणे आली कोठून? त्याचे वायुमापक यंत्र मेन्ये नावाच्या कारागिराने बनविले होते. नाजूक तराजू फोर्तँ या दुसऱ्या कारागिराने घडविले. ही यंत्रे पॅरिसच्या कलाकौशल्य संग्रहालयात आजही आहेत, आणि त्यांचे पितळकाम पाहिले तर कोणाही यंत्रकामगाराने टोपी काढावी असे ते आहे. ती इतकी महाग होती की दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञांना लाव्हाझिएचे प्रयोग पुन्हा करून पाहणे परवडत नसे. त्यांचे पैसे मिठाच्या आणि तंबाखूच्या वसुलीतून येत. म्हणजे दाव्हिदने सोनेरी मेजावर लाल वस्त्र टाकले, आणि त्या वस्त्रावर तोच पैसा काच होऊन पुन्हा येऊन बसला. उपकरणे आहेत, ती घडविणारा नाही. गंमत अशी की ज्या तराजूवर लाव्हाझिएचे सगळे शास्त्र उभे आहे तो तराजूही चित्रात नाही. कदाचित तो वाण्याच्या दुकानाची आठवण करून देत असावा.

आता मारी-आनविषयी. चित्रात तिचे स्थान ठळक आहे. दाव्हिदने तिला मध्यभागी उभे केले, आणि पाहणाऱ्याची नजर आधी तिच्याकडेच जाते. पण ती काय करते आहे? खांद्यावर हात ठेवून उभी आहे. लेखणी नवऱ्याच्या हातात. चोपडी मागे, अंधाराकडच्या खुर्चीवर. आणि तिचे खरे काम काय होते? ती प्रयोगांच्या नोंदी ठेवीत असे. नवऱ्याला इंग्रजी येत नसे म्हणून ती इंग्रजी शिकली. आयरिश रसायनशास्त्रज्ञ कर्वन याने जुन्या फ्लोजिस्टन सिद्धांताच्या बाजूने लिहिलेल्या ग्रंथाचे तिने फ्रेंच भाषांतर केले. त्यावर लाव्हाझिएने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खंडनाच्या टिपा लिहिल्या. ते पुस्तक १७८८ सालचेच, म्हणजे याच चित्राच्या वर्षीचे. मुखपृष्ठावर टिपा लिहिणाऱ्या सर्व पुरुषांची नावे आहेत, भाषांतर करणारीचे नाही. पुढच्या वर्षी लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरचा मुख्य ग्रंथ निघाला. त्यात उपकरणांची तेरा चित्रपत्रे आहेत. ती सर्व तिने रेखाटली आणि तांब्याच्या पत्र्यावर स्वतः कोरली. तेथे मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिने आपले नाव घातले. कारागिराने आपल्या कामावर खूण करावी तसे.

आपल्याकडे ही रंगाची भाषा इंग्रजांबरोबर आली. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघाल्यानंतर तेथून शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी आपल्या सभागृहांच्या आणि वाचनालयांच्या भिंती पगडी-उपरण्यातल्या विद्वानांनी भरून टाकल्या. मेज, पुस्तके, पुस्तकावर टेकलेला हात. होल्बाइनचे नावही न ऐकलेल्या गावात होल्बाइनची बैठक पोचली. त्या खुणेचा एक निराळा उपयोगही याच मुलखाने केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हातात किंवा काखेत पुस्तक नाही असा पुतळा क्वचितच दिसतो. तेथे पुस्तक फुरसतीची खूण उरत नाही. ज्यांना अक्षर शिवण्याची बंदी होती त्यांनी ते हातात घेतले, याचा तो पुरावा ठरतो. गावोगावच्या साध्या गवंड्यांनी आणि मूर्तिकारांनी घडविलेले हे पुतळे कलेच्या दृष्टीने कसेही असोत, युरोपातल्या अभ्यासिकांच्या चित्रांना त्यांनी दिलेले उत्तर मला मोलाचे वाटते. पण त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावयास हवे. आज मारी-आनकडे परत जाऊ.

दाव्हिदच्या चित्रानंतर एकदोन वर्षांत तिने स्वतः दोन चित्रे काढली. रंगीत नाहीत, मोठी नाहीत, साधी तपकिरी शाईची रेखाटने. विषय प्रयोगशाळा. लाव्हाझिए तेव्हा माणसाच्या श्वासोच्छ्वासावर प्रयोग करीत होता, आणि त्याचा तरुण सहकारी आर्मां सेगँ याने आपला देह प्रयोगासाठी दिला होता. विश्रांती घेत असताना माणूस किती प्राणवायू घेतो आणि काम करताना किती घेतो हे मोजावयाचे होते. एका रेखाटनात सेगँ विश्रांत बसला आहे. दुसऱ्यात त्याच्या तोंडाला मुखवटा बांधला असून तो पायाने दांडी दाबतो आहे, म्हणजे प्रत्यक्ष राबतो आहे. आजूबाजूला मदतनीस आहेत. कोणी नाडी पाहतो, कोणी यंत्राशी खटपट करतो. लाव्हाझिए उभा राहून सूचना देतो आहे. आणि एका बाजूला, वेगळ्या मेजाशी, कागद पुढे घेऊन नोंदी लिहीत बसली आहे ती मारी-आन. दाव्हिदने नवऱ्याच्या हाती दिलेली लेखणी तिने आपल्या हातात घेतली.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. दाव्हिदच्या भव्य पटावर ज्ञान म्हणजे दोन सुंदर माणसे आणि चकचकीत काच. बाईंच्या छोट्या कागदावर ज्ञान म्हणजे माणसांनी भरलेली, गडबडीची, घामाची खोली. लाव्हाझिए दोन्हींत आहे. मला विचाराल तर त्याचा अधिकार दुसऱ्या चित्रात अधिक पटतो, कारण तेथे तो काय करीत होता ते दिसते.

प्रयोगात निघाले ते असे की काम करताना माणसाचा प्राणवायूचा खप विश्रांतीच्या दुपटीहून अधिक होतो. १७८९ च्या अखेरीस लाव्हाझिए आणि सेगँ यांनी हे निष्कर्ष विज्ञान अकादमीपुढे मांडले. त्या निबंधात लाव्हाझिएने एक विलक्षण विचार बोलून दाखविला आहे. भाषण करणारा वक्ता, वाद्य वाजविणारा वादक यांचे श्रम किती वजन उचलण्याइतके असतात हे आता मोजता येईल, असे तो म्हणतो. मग पुढे जाऊन म्हणतो की विचार करणारा तत्त्वज्ञ, लिहिणारा लेखक, रचना करणारा संगीतकार यांच्या कामातही शरीराचे श्रम किती आहेत हे काढता येईल. इरॅस्मसने पुस्तकाच्या कडेवर लिहिलेला दावा येथे तराजूत घालण्याची भाषा झाली. हमाल आणि पंडित एकाच मापाने मोजता येतील, असे एका पंडिताने सांगितले. आणि तेथेच तो विचारतो की राबणाऱ्या गरिबाचे शरीर जर अधिक खर्ची पडते तर त्याला कमी खावयास का मिळते, आणि बसून राहणाऱ्याला गरजेपेक्षा अधिक का मिळते? यात निसर्गाचा दोष नाही, समाजव्यवस्थेचा आहे, असे तो सुचवितो. संपत्तीतले अंतर कमी करणाऱ्या आणि श्रमाचा मोबदला वाढविणाऱ्या संस्था उभ्या राहतील अशी आशा व्यक्त करतो.

मजुरीवाढीचा इतका शास्त्रीय पाया कोणी मांडलेला मी पूर्वी वाचला नव्हता, आणि तो मांडणारा मीठकराचा मक्तेदार होता. हा माणूस ढोंगी होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी तसे म्हणत नाही. ज्या सेगँच्या फुफ्फुसांतून तो आकडा निघाला त्याच्याकडे पाहत तो उभा होता. पाहिलेले त्याने लिहिले. मीठकराच्या वहीत मात्र त्याला हे दिसले नाही, कारण तेथे माणूस समोर नसतो, रक्कम असते.

चित्राची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १७८९ च्या वार्षिक प्रदर्शनात ते मांडावयाचे होते. लाव्हाझिए तेव्हा सरकारी दारूगोळ्याच्या खात्याचाही एक अधिकारी होता, आणि ऑगस्टमध्ये, पॅरिसमधली दारू हा बाहेर पाठवतो आहे अशा संशयाने लोक त्याच्यावर धावून गेले होते. असल्या माणसाचे चित्र मांडले तर दंगा होईल या भीतीने ते मागे ठेवण्यात आले. उपकरणांनी काम केले नव्हते, लोकांना करवसुलीदारच दिसत होता. मक्त्याची मंडळी १७९१ मध्ये मोडली. नोव्हेंबर १७९३ मध्ये भागीदारांना अटक झाली. तंबाखूत पाणी मिसळून वजन वाढविले हाही आरोपांपैकी एक होता. ८ मे १७९४ रोजी अठ्ठावीस जणांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. त्यांत लाव्हाझिए होता आणि मारी-आनचा बापही होता. प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नाही असे न्यायाधीश म्हणाल्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिला समकालीन आधार नाही, आणि ती नंतर जुळविलेली आहे. त्या दिवशी खटला चालला तो विद्वानावर नव्हता, मक्तेदारावर होता. एवढ्याने तो खटला न्यायाचा झाला असे मात्र होत नाही. सकाळी सुनावणी आणि त्याच दिवशी शिक्षेची अंमलबजावणी, याला न्याय म्हणण्यास निदान मी तयार नाही. दाव्हिद त्या वेळी राष्ट्रीय सभेचा सभासद होता आणि तिच्या सुरक्षा समितीत बसत होता.

मारी-आन छत्तीस वर्षांची होती. तिलाही काही दिवस कैदेत काढावे लागले, मालमत्ता जप्त झाली आणि पुढे परत मिळाली. नवऱ्याचे अपुरे राहिलेले निबंध तिने छापून काढले आणि स्वतः वाटले. १८०५ मध्ये तिने काउंट रमफर्ड या दुसऱ्या शास्त्रज्ञाशी लग्न केले, ते फार टिकले नाही. ती १८३६ पर्यंत जगली, आणि दाव्हिदचे ते चित्र शेवटपर्यंत तिच्याकडे होते. मग ते नातेवाइकांकडे गेले. विसाव्या शतकात धाकट्या जॉन रॉकफेलरने ते विकत घेऊन १९२७ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संशोधन संस्थेला दिले. तेलाच्या पैशाने मिठाचा पैसा विकत घेतला आणि तो पुन्हा शास्त्राच्या घरी टांगला. १९७७ पासून ते मेट्रोपोलिटन म्यूझियममध्ये आहे. रंगाखालची फुलांची टोपी अजून तेथेच आहे. उघड्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण तिची छायाचित्रे आता कोणालाही पाहता येतात.